फुलोऱ्याखाली लट्टू

पितळेचा मुखवटा फरशीवर पडला तर फुटत नाही, पण घणघणत बराच वेळ फिरत राहतो. पुरणाचं पातेलं तसंच टाकून सुजाता बैठकीच्या दारात आली, तेव्हा तो अजून फिरतच होता. धाकट्या महालक्ष्मीला धड होतं, डोकं नव्हतं. तिचा जांभळा शालू खांद्यावरून ओढला गेला होता आणि धड म्हणून ठेवलेल्या कोठीची पत्र्याची कड उघडी पडली होती. वर चौकटीला टांगलेला फुलोरा अर्धा तुटला होता. करंज्या, कणकेच्या तळलेल्या वेण्या, फण्या, साटोऱ्या सगळं पाटावर आणि सतरंजीवर विखुरलं होतं. त्याच्या मधोमध घरचा कुत्रा लट्टू तोंडात करंजी धरून स्वतःभोवती गोल गोल फिरत होता.

"समई! समई पाहा आधी!" सासूबाई ओरडल्या.

धाकटी जाऊ गंधाली जवळ होती. तिनं पदर सावरत समई उचलून कोनाड्यात ठेवली. सुजाताच्या नवऱ्यानं, जयंतनं, झडप घालून लट्टूचा पट्टा पकडला. करंजी सुटली नाही. उलट दोन चाव्यांत संपली.

"मम्मी, मैंने सिर्फ दरवाजा खोला था," पंधरा वर्षांची ओवी जिन्यावरून धापा टाकत आली. "गच्ची से केले के पत्ते लाने थे. वो पैरों के बीच से निकल गया."

सुजातानं लट्टूकडे नीट पाहिलं. मांजराहून थोडा मोठा, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, छाती भात्यासारखी हलत होती. तो दमलेला नव्हता. दमायचं राहून गेलेलं होतं. परवा घरात महालक्ष्म्या यायच्या म्हणून त्याला गच्चीवरच्या खोलीत घातलं होतं. सोवळ्यात कुत्रा मधेमधे नको, हे तिलाही मान्य होतं. तिचं स्वतःचं पहाटेपासून सोवळ्यातलं काम सुरू झालं आणि बुढा तालाबाच्या काठावरची त्याची रोजची फेरी बंद पडली. मग ज्याला ज्याला लट्टूची दया आली त्यानं ती खायला घालून दाखवली. दिरानं पेढे नेले, गंधालीनं तूप लावलेली पोळी, आणि सासूबाईंनी स्वतः पुरणाचा गोळा. आत जाणारं वाढलं होतं आणि अंगातल्या जोराला बाहेर पडायला वाट नव्हती. महाविद्यालयात ती मुलांना प्राणिशास्त्र शिकवायची. हा हिशेब फळ्यावर मांडायची गरज नव्हती.

"बस झालं," जयंत धाकट्या भावाकडे वळून म्हणाला. "आजच जाईल हा. सौमित्र, गाडी आणली आहेस ना?"

"हव भैया. सकाळी बोललो तसंच. संध्याकाळी जाताना नेतो भनपुरीले. गोडाऊनवर बांधून ठेवू, चौकीदारालेही सोबत होईन."

सुजातानं हात पदराला पुसले.

"सकाळी बोललात?" तिनं नवऱ्याला विचारलं. "म्हणजे हे पडायच्या आधी?"

जयंतनं पट्ट्यावरची पकड बदलली.

*

सासूबाई, इंदूबाई, पाटासमोर टेकल्या. त्यांनी मुखवटा पदरानं पुसला, पालथा करून पाहिला, गालावर बोट फिरवलं. पोचा नव्हता. सासूनं दिलेले मुखवटे होते हे. नागपूरहून त्या लग्न होऊन रायपुरात आल्या तेव्हापासून एकदाही जेवणाच्या दिवशी असं झालं नव्हतं. नैवेद्य दाखवायचा होता. सवाष्ण यायची होती. संध्याकाळी सगळा बुढापारा मोहल्ला हळदीकुंकवाला येणार होता, आणि त्यातल्या निम्म्या बायका फक्त फुलोरा पाहायला येत.

एका गोष्टीची मात्र त्यांना खात्री होती. सुजाता काही बोलणार नाही. कुत्रा आणला तेव्हा हीच नको म्हणाली होती. उलट सुटली म्हणेल.

"त्याला भनपुरीला पाठवायचं नाही," सुजाता म्हणाली.

इंदूबाईंनी मुखवट्यावरून नजर उचलली. "काय बोलून राहिली तू? पाहून राहिली ना काय केलं त्यानं?"

"पाहिलं. त्याची चूक नाही, आई. आपण त्याला कोंडलं."

"परवापासून तर कोंडला! त्यात काय मोठं? आपली लूसी नाही का, जन्मभर त्या सोफ्यावर झोपून राहिली. कधी महालक्ष्मीकडे डोळा वर करून पाहिलं नाही तिनं. हा तर तिच्याहूनही छोटा आहे."

"लूसी पॉमेरेनियन होती. हा जॅक रसेल आहे. छोटा म्हणजे कमी लागणारा, असं नसतं. याची जात कोल्ह्याच्या मागे शेतं तुडवत जायला आणि बिळात शिरायला तयार केली आहे. दिवसभर धावेल एवढं याच्या अंगात असतं. ते कुठेतरी जाणारच."

"मंग आता बुढापाऱ्यात कोल्हे कुठून आणू, वहिनी?" सौमित्र म्हणाला. "म्हणत असाल तर जंगल विभागात विचारतो."

ओवी हसली आणि लगेच आजीकडे पाहून गप्प झाली.

"कोल्हा नको. तास दीड तास पळणं आणि नाकाला काम. एवढं रोज मिळालं की तो घरात झोपतो. इतके महिने झोपत होता की नाही? सांगा ना, आई. तुम्ही दुपारी पोथी वाचता तेव्हा कुठे असतो तो?"

इंदूबाईंना उत्तर माहीत होतं. दुपारी तो त्यांच्या आरामखुर्चीखाली असे, आणि त्यांना पाय हलवायची चोरी होई. पण आज ते कबूल करायचा दिवस नव्हता.

"ते जाऊ दे. दोन बायका काय म्हणतील? आम्हा रायपूरच्या मराठी लोकाईले नावं ठेवायले लोक बसलेच आहेत. म्हणतील, यांच्या घरात देवीचं डोकं कुत्र्यानं पाडलं."

"सुजाता, आता वाढवू नको," जयंत म्हणाला. "एका कुत्र्यासाठी आईला किती त्रास देणार?"

"आणला कुणी होता?" सुजातानं विचारलं. आवाज चढला नव्हता. "मी नको म्हटलं होतं. का नको तेही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढूसा तर आहे, गच्चीवर फिरेल. मग त्याला घेऊन रोज पहाटे तलावाला कोण जातं?"

"मी नाही म्हणतो का? तुझाच भार कमी करतो आहे."

"माझा भार माझ्याशी न बोलता कमी केला."

इंदूबाईंना हे बोलणं आवडलं नाही, आणि ते मोडावं असंही वाटलं नाही. सोळा वर्षांत या सुनेनं सणाच्या दिवशी नवऱ्याला उलट उत्तर दिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. साताऱ्याची पोट्टी. तिच्या माहेरी खड्यांच्या गौरी बसत. नदीवरून चार खडे आणले की झालं. इथे आल्यावर कोठ्यांना साड्या नेसवणं, फुलोऱ्याची फणी वळणं, सोळा भाज्यांचा क्रम, सगळं ती न बोलता शिकली होती. इतकं न बोलता, की तिला काही हवं असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"मला थोडा वेळ द्या," सुजाता आता थेट त्यांच्याशीच बोलत होती. "मी याला आत्ता पळवून आणते. आल्यावर बांधायचा नाही, कोंडायचा नाही. या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मोकळा राहील, हळदीकुंकू संपेपर्यंत. त्यानं फुलोऱ्याला तोंड लावलं, तर मी स्वतः त्याला भावजींच्या गाडीत बसवीन. नाही लावलं, तर तो या घरात राहील, आणि पुन्हा हा विषय माझ्या पाठीमागे निघणार नाही."

"आत्ता? नैवेद्य व्हायचा आहे! सोवळं मोडन तुझं."

"पुन्हा आंघोळ करीन."

"अन् पुरण? फुलोरा कोण तळीन?"

"मी तळते," गंधाली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटाला अजून समईचं तेल होतं. "फण्या मले नाही जमत, दीदी. पण करंज्या तळते. वेण्याही करून पाहते."

*

बुढा तालाबाकडे जाणाऱ्या गल्लीत दुपारच्या वेळी स्कुटरींना वाट नव्हती. सुजाता रेशमी नऊवारीचा काचा कमरेला खोचून चालत होती आणि लट्टू पट्टा ताणून पुढे. एका दुकानदारानं हात जोडले. "नमस्ते मैडम, आज तो त्योहार है ना?" ती हो म्हणाली आणि थांबली नाही.

आभाळ भरलेलं होतं पण पडत नव्हतं. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जिभेनंच अंग गार करतो, आणि अशा हवेत तेही कठीण. म्हणून तिनं काठच्या झाडांची सावली धरली आणि सोबत आलेल्या ओवीला पाण्याची बाटली हातात ठेवायला सांगितली. तलावामागच्या मोकळ्या जागेत पोचल्यावर तिनं पट्टा लांब सोडला.

ती धावू लागली. पैंजण नव्हते, चपला तिनं काठावर काढून ठेवल्या होत्या. रेशीम मांड्यांना घासत होतं. लट्टू पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. तिला मागे टाकायचं आणि मग ती येते का ते पाहायचं, हा त्याचा खेळ होता. ती दमली की ओवी धावली. त्याची जीभ लांबली की त्या थांबल्या, पाणी दिलं, श्वास सावरू दिला.

मग सुजातानं पदराच्या टोकाला बांधलेले करंजीचे तुकडे सोडले. जमिनीवर पडलेला फुलोरा देवीला चालणार नव्हता. लट्टूला चालणार होता.

"हे गवतात लपव. थोडे जवळ, थोडे लांब. एक त्या दगडाखाली."

"इससे क्या होगा? दौड़ तो लिया."

"पायाचं झालं, नाकाचं राहिलं. बिळात नुसतं पळून भागत नाही, शोधावं लागतं. हे करताना तो जास्त दमतो. बघ."

लट्टूनं नाक जमिनीला टेकवलं आणि जग विसरला. ओवी दगडावर बसली.

"मम्मी, एक बात पूछूं? लट्टू के लिए लड़ रही हो या अपने लिए?"

सुजातानं काचा सोडून पुन्हा नीट खोचला. "दोन्ही."

"मतलब?"

"पहाटेची ही वेळ आहे ना, तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारत नाही. आधी मला वाटायचं, मी याला फिरवते. आता मला माहीत आहे कोण कुणाला फिरवतं. एरवी मी नुसती चालायला जाते म्हटलं असतं, तर सगळे म्हणाले असते, चालायला वेळ आहे ना, मग हेही कर, तेही कर. कुत्र्याला न्यायचंय म्हटलं की कुणी अडवत नाही."

"तो पापा को बोल दो ना सीधा."

"बोलायचं आहे. पण आधी हा घरात राहू दे."

*

जयंतला आईनं धोतर नेसवून शिडीवर चढवलं होतं. हातात दोऱ्याचं रीळ होतं. खालून सौमित्र एकेक करंजी वर देत होता आणि तो ती चौकटीला बांधत होता. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं धरणांचे नकाशे तपासले, पण करंजीला दोरा कुठून बांधला म्हणजे ती सरळ लटकते, हे त्याला माहीत नव्हतं.

"वाकडी आहे," इंदूबाई म्हणाल्या.

"दिसते तेवढी नाही."

"मले दिसते. सुजाता आधी सुईनं भोक पाडते, मंग तळते. तू तळलेलीलेच टोचून राहिला, तुटणारच."

स्वयंपाकघरातून गंधालीचा आवाज आला. "भनपुरीच्या शेरूचं काय झालं होतं, सांगा ना भैयाले."

सौमित्रनं हातातली करंजी खाली ठेवली. "आता इथं शेरू कुठून आला?"

"तुम्हीच आणला होता ना? ट्रकाईच्या मधी साखळीले बांधला. पहिल्या महिन्यात भुंकायचा, मंग स्वतःचाच पाय चावत बसायचा. मी जाऊन सोडला तर तुम्ही म्हणाले, गेटवर कोण राहीन? शेवटी कुठे गेला, आजपर्यंत सांगितलं नाही तुम्ही मले."

"लोकाईसमोर काय बोलून राहिली तू?"

"लोकं नाहीत, घरचे आहेत. लट्टूले तिथे नेलं तर मी गाडीत नाही बसणार. उद्या विसर्जन झालं, महालक्ष्म्या शिळवल्या, की इथूनच माहेरी जाईन."

तेलात काहीतरी पडून चरचरलं. सौमित्रनं खाली ठेवलेली करंजी पुन्हा उचलली.

जयंत शिडीवर असल्यामुळे कुणाला त्याचा चेहरा दिसत नव्हता, याचं त्याला बरं वाटलं. सकाळी भावाला का विचारलं, ते त्याला ठाऊक होतं. काल रात्री आई गच्चीवरच्या भुंकण्याबद्दल कुरकुरली, आणि प्रत्येक कुरकुरीत त्याला "तूच आणला" ऐकू येत होतं. कुत्रा गेला असता म्हणजे त्याची चूकही गेली असती. सुजाताला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आधीच सांगितलं होतं. ते ऐकायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. कारण एवढंच होतं.

"सौमित्र," तो म्हणाला, "पुढची दे. अन् सुई गंधालीला दे."

*

सुजाता परतली, आंघोळ करून दुसरं सोवळं नेसली आणि नैवेद्य उशिरा का होईना झाला. लट्टू उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर आडवा झाला. सवाष्णीची पंगत उठली तरी त्यानं कूस बदलली नाही.

संध्याकाळी बायका येऊ लागल्या. अत्तर, गजरे, साड्यांची सळसळ. प्रत्येकीला त्याच्यावरून पाय टाकून आत यावं लागत होतं.

"अय्या, कुत्रा! चावत तर नाही ना?"

"आज नाही चावणार," सौमित्र जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाला. गाडीची किल्ली तो बोटाभोवती फिरवत होता. "आज त्याची परीक्षा चालू आहे."

सुजाता कुंकू लावत होती, ओटी भरत होती आणि उंबऱ्याकडे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. एका खेपेचा निष्कर्ष खरा मानायचा नसतो, हे तिला पुरतं माहीत होतं. एक संध्याकाळ त्यानं नीट काढली म्हणून काही सिद्ध होणार नव्हतं. पण या घरातले लोक एवढाच पुरावा मानणार होते, म्हणून एवढाच द्यायचा.

शेजारच्या कमलाताईंच्या नातीनं प्रसादाची करंजी हातात घेऊन बाहेर धाव घेतली आणि ती नेमकी उंबऱ्यावर अडखळली. करंजी लट्टूच्या नाकापुढे पडून फुटली.

लट्टूचे कान उभे राहिले. तो उठला. गंधालीच्या हातातलं अत्तरदान तसंच थांबलं. लट्टूनं सारण चाटून साफ केलं, वर पाहिलं, तर फुलोरा बरोबर समोर लटकत होता, जयंतनं बांधलेला, थोडा वाकडा. त्यानं नाक वर करून एकदा वास घेतला. मग दोन गिरक्या घेतल्या आणि पायपुसण्यावर बसला.

"झालं!" सौमित्र म्हणाला. "खाल्लं त्यानं. अट मोडली."

"पडलेलं खाल्लं," इंदूबाई म्हणाल्या. हळदीचा करंडा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. "फुलोऱ्याले तोंड लावलं तर, असं ठरलं होतं. मी ऐकलं. तूही ऐकलं. किल्ली खिशात ठेव, सौमित्र."

शेवटची बाई गेली, समईत तेल घातलं गेलं, तेव्हा सगळे बैठकीत सतरंजीवर टेकले. जयंतनं खाकरून घसा साफ केला.

"सकाळी तुला विचारायला पाहिजे होतं," तो सुजाताला म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. "नाही विचारलं. राहिला आता तो."

"राहिला. पण आज झोपला म्हणून उद्या झोपेल असं नाही," सुजाता म्हणाली. "हे रोजचं आहे. सण असला तरी. उद्या विसर्जन आहे, उद्याही पहाटे मी तलावाला जाणार. मी येईपर्यंत चहापाणी तुम्ही करायचं. स्वयंपाकाला मी आल्यावर लागेन. आणि लट्टू नसता तरी मी हेच मागितलं असतं. फक्त मागायला उशीर केला."

जयंतनं आईकडे पाहिलं. सवयीनंच पाहिलं. घरातला कुठलाही नवा नियम तिथून होकार घेऊन पुढे जायचा.

इंदूबाई महालक्ष्म्यांकडे पाहत होत्या. धाकटीचा शालू गंधालीनं पुन्हा नेसवला होता, निऱ्या जरा उंच बसल्या होत्या.

"उद्या काय, दहीभाताचा नैवेद्य," त्या म्हणाल्या. "त्याले पहाटपासून कशाले लागायचं? जाऊन ये तू." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "अन् चहात आलं जास्त नको टाकू. जळजळते मले."

गंधाली अत्तरदानाचं झाकण लावत होती. "दीदी," तिनं नवऱ्याकडे न पाहता विचारलं, "उद्या मी येऊ तुमच्यासोबत?"

"पळावं लागेल."

"मंग पळू ना."